दहा मज्जातंतूंची साक्ष

नेत्रदान हा शब्द जालना जिल्ह्यातील जैन घरांना नवा नाही. घरातील वृद्धाने शेवटचा श्वास घेतला, की रडणे आवरून कोणीतरी नेत्रपेढीला दूरध्वनी लावतो. तेथील माणसे येतात, थोड्या वेळात आपले काम करून जातात आणि मग अंतिम यात्रेची तयारी पुढे सुरू होते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत हे व्हावयास हवे, एवढे पुष्कळांना तोंडपाठ असते. तेथे मृत्यू झाला आहे याविषयी कोणाच्या मनात किंतु नसतो. छाती थांबलेली असते, नाडी लागत नसते, अंग गार पडू लागलेले असते.

अतिदक्षता विभागाच्या दारात पडणारा प्रश्न निराळ्या जातीचा आहे. नव्या मोंढ्यातील दुकान बंद करून रात्री दुचाकीवर घराकडे निघालेला एखादा तिशीतला तरुण डोळ्यांसमोर आणावा. हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवलेले. वळणावर ट्रकची धडक, डोक्याला मार, जालन्यात प्राथमिक उपचार आणि मग रुग्णवाहिकेतून साठेक किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगर. तिसऱ्या दिवशी डॉक्टर नातेवाइकांना आत बोलावतात आणि सांगतात, की मेंदूस्तंभ मृत झाला आहे, म्हणजेच रुग्ण गेला आहे. पलंगावर मात्र छाती संथपणे वरखाली होत असते. पडद्यावर हृदयाची रेघ धावत असते. हात कोमट असतो. घरातले वडीलधारे काकाजी विचारतात, "अंग गरम आहे, श्वास चालू आहे, मग गेला असे कसे म्हणता?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. खुद्द वैद्यकशास्त्राला त्याचे उत्तर निश्चित करण्यास पंचवीस वर्षे लागली. आणि ते उत्तर हृदयात सापडले नाही, मोठ्या मेंदूच्या वळ्यांतही सापडले नाही. ते सापडले मेंदूच्या तळाशी असलेल्या, जेमतेम सात-आठ सेंटिमीटर लांबीच्या एका देठात.

जालन्याची मोसंबी फांदीला देठाने लटकते. मेंदू मात्र आपल्या देठावर उभा असतो. या देठाला मेंदूस्तंभ म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात ब्रेनस्टेम. जाडी अंगठ्यापेक्षा थोडी अधिक. वरचा भाग मध्यमस्तिष्क, मधला फुगीर भाग सेतू किंवा पॉन्स, आणि खालचा, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत उतरणारा भाग मस्तिष्कपुच्छ. मोठ्या मेंदूकडून शरीराकडे जाणारी प्रत्येक आज्ञा आणि धडाकडून मेंदूकडे येणारी प्रत्येक संवेदना याच अरुंद वाटेने जाते. माणसाला जागे ठेवणारी यंत्रणा याच्या वरच्या अर्ध्या भागात आहे आणि श्वासाची प्रेरणा देणारे केंद्र खालच्या टोकाला, मस्तिष्कपुच्छात. जाग आणि श्वास या दोन्ही गोष्टी इतक्या लहान जागेत ठेवलेल्या आहेत, म्हणूनच ती जागा गेली की मागे काही उरत नाही.

याच देठातून मज्जातंतूंच्या जोड्या बाहेर पडतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना कर्परी चेता म्हटलेले असते आणि त्यांची संख्या बारा जोड्या अशी पाठ करून घेतलेली असते. हा बाराचा क्रम जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ सॅम्युअल थॉमस फॉन झ्योमरिंग याने १७७८ मध्ये मांडला आणि आजही जगभर तोच चालतो. त्यांपैकी पहिली जोडी वासाची आणि दुसरी दृष्टीची. या दोन्ही मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडलेल्या आहेत. देठातून निघणाऱ्या जोड्या उरतात दहा.

मध्यमस्तिष्कातून तिसरी आणि चौथी जोडी निघते. तिसरी डोळ्याचे बहुतेक स्नायू हलवते, पापणी उचलून धरते आणि बाहुली लहान करते. चौथीचे काम केवढेसे, डोळ्याचा एकच स्नायू. पण देठाच्या पाठीमागून बाहेर पडणारी बारांतील ती एकटीच. सेतूतून पाचवी निघते. चेहऱ्याचा स्पर्श तिच्याकडे आणि चावण्याचे बळही तिच्याकडे. दातदुखीची वार्ता मेंदूपर्यंत नेणारी तीच. सेतू आणि मस्तिष्कपुच्छ यांच्या सांध्यावर सहावी, सातवी व आठवी अशा तीन जोड्या आहेत. सहावी डोळा बाहेरच्या बाजूस वळवते. सातवी म्हणजे चेहऱ्याचे हावभाव, हसू, भुवई, मिटणारी पापणी. थंडीच्या दिवसांत एखाद्याचे तोंड सकाळी उठल्यावर वाकडे दिसते आणि घरात "वारा लागला" म्हणतात, तेव्हा बहुधा हीच एका बाजूची जोडी सुजलेली असते. आठवी ऐकू आणते आणि तोल सांभाळते. त्याखाली मस्तिष्कपुच्छातून नववी आणि दहावी घशात उतरतात. घास गिळणे, ठसका लागणे, आवाज फुटणे ही त्यांची कामे. दहावी तर छातीत उतरून हृदयाचा वेग आवरते आणि पोटातील आतड्यांपर्यंत जाते. अकरावी मान वळवते व खांदा उचलते, बारावी जीभ हलवते.

जोड्यांची ही यादी कंटाळवाणी वाटेल, पण काकाजींच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. व्यापारी माणसाला आवक-जावक समजावून सांगावी लागत नाही. देठातील प्रत्येक प्रतिक्षिप्त क्रियेचे खाते तसेच असते. एका मज्जातंतूने वार्ता आत येते, देठात तिची नोंद होते आणि दुसऱ्या मज्जातंतूने आज्ञा बाहेर जाते. डोळ्यावर उजेड पडला की दुसऱ्या जोडीतून आवक आणि तिसऱ्या जोडीतून जावक, बाहुली आकसते. बुबुळाला कापसाचा तंतू लागला की पाचवीतून आवक, सातवीतून जावक, पापणी मिटते. यात विचार करावा लागत नाही, इच्छा लागत नाही, मोठ्या मेंदूची संमतीही लागत नाही. म्हणून गाढ बेशुद्धीतही ही खाती चालू राहू शकतात. आणि ती सगळीच्या सगळी बंद पडली, तर आवक व जावक यांच्या मधला देठ गेला असे समजते.

डोक्याला जबर मार बसतो तेव्हा काय घडते तेही पाहिले पाहिजे. मेंदू सुजतो, पण कवटी हाडाची बंद पेटी आहे. ती फुगत नाही. आतला दाब वाढतो आणि मेंदू खालच्या बाजूस ढकलला जातो. वाटेत बहुधा प्रथम तिसरी जोडी दबते आणि एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन उजेडाला दाद देईनाशी होते. अतिदक्षता विभागातील परिचारिका ठरावीक वेळाने पापणी उघडून विजेरी का मारते, असा प्रश्न पाहणाऱ्यांना पडतो. ती या पहिल्या चिन्हावर पहारा देत असते. तेथे दाब उतरवता आला तर रुग्ण वाचू शकतो. तो चढतच गेला आणि रक्ताच्या दाबापेक्षाही वर गेला, तर मेंदूला रक्तच पोहोचत नाही.

पूर्वी हा प्रसंग डॉक्टरांपुढे असा येतच नसे. देठ बंद पडला की श्वास थांबे, काही मिनिटांत हृदयही थांबे. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली आणि घशात नळी घालून रुग्णांना हाताने श्वास देण्याची पद्धत तेथे यशस्वी झाली. त्यातून पुढे आजचे व्हेंटिलेटर आले. यंत्र छातीत हवा भरू लागले तशी एक नवी अवस्था जन्माला आली. १९५९ मध्ये पॅरिसच्या मोलारे आणि गूलाँ या दोन डॉक्टरांनी तिचे वर्णन केले, बेशुद्धीच्याही पलीकडची अवस्था म्हणून. १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने तिचे निकष मांडले. १९७६ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या परिषदेने मेंदूस्तंभाच्या तपासण्या नेमक्या लिहून दिल्या. आणि हा विचार सर्वांत स्वच्छ शब्दांत समजावून सांगणारा मज्जाविकारतज्ज्ञ ख्रिस्तोफर पॅलिस हा जन्माने मुंबईकर होता. १९२३ मध्ये मुंबईत एका ग्रीक वंशाच्या घरात त्याचा जन्म झाला, पुढे लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात त्याने काम केले. मेंदूस्तंभाच्या मृत्यूवरील त्याची पुस्तिका १९८३ मध्ये आली. देठ मेला म्हणजे जाग येण्याची आणि स्वतः श्वास घेण्याची क्षमता कायमची गेली, आणि यालाच मृत्यू म्हणावे, असे त्याचे सांगणे. भारताच्या कायद्याने मूलतः हीच वाट धरली.

हृदय का चालते, याचे उत्तर या सगळ्यापेक्षा सोपे आहे. हृदयाला ठेका देणारा पेशींचा पुंजका हृदयातच, उजव्या वरच्या कप्प्यात असतो. मेंदू त्याला वेग कमी-जास्त करावयास सांगतो, ठोका देत नाही. यंत्राने रक्तात प्राणवायू पोहोचवला की हृदय काही काळ आपले आपण चालत राहते. देठ गेल्यावर दहाव्या जोडीची वेसण सुटलेली असते. म्हणून त्या जोडीचा परिणाम रोखून नाडी वाढवणारे ॲट्रोपिन हे औषध दिले तरी अशा रुग्णाची नाडी वाढत नाही, कारण रोखण्यासारखे काही उरलेलेच नसते.

आता तपासणी. ती देठाच्या वरच्या टोकापासून खाली उतरत जाते, आणि हा क्रम ज्याला समजला त्याला डॉक्टर अंदाज बांधत आहेत असे वाटणार नाही. प्रथम दोन्ही डोळ्यांवर तीव्र प्रकाश टाकतात. बाहुल्या हलल्या नाहीत तर मध्यमस्तिष्क मुके आहे. मग बुबुळाला कापूस लावतात आणि भुवईच्या हाडावर अंगठ्याने जोराने दाबतात. पापणी मिटली नाही, चेहऱ्यावर वेदनेची सुरकुती उमटली नाही तर पाचवी-सातवीचे खाते बंद आहे. त्यानंतर कानाचा पडदा शाबूत असल्याचे पाहून कानात सुमारे ५० मिलिलिटर बर्फाचे पाणी सोडतात. देठ जिवंत असेल तर आठवीतून ती वार्ता आत जाते आणि तिसरी व सहावी डोळे त्या कानाकडे वळवतात. येथे डोळे स्थिर राहतात. काही मिनिटे थांबून हेच दुसऱ्या कानात करतात. मग घशाच्या मागच्या भागाला स्पर्श करून उमाळा येतो का पाहतात, श्वासनलिकेत बारीक नळी घालून ठसका लागतो का पाहतात. या नवव्या-दहाव्याच्या खुणा, म्हणजे मस्तिष्कपुच्छाच्या.

सर्वांत शेवटी श्वासाची परीक्षा. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला की मस्तिष्कपुच्छातील केंद्र खवळते आणि माणूस श्वास घेतोच. मनाने रोखून धरला तरी एका मर्यादेपुढे ते शक्य नसते. रुग्णाला आधी भरपूर प्राणवायू देतात, मग व्हेंटिलेटर वेगळा करून नळीने प्राणवायू चालू ठेवतात आणि छाती-पोट उघडे ठेवून आठ-दहा मिनिटे पाहत राहतात. रक्त तपासून कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिलिमीटरच्या वर गेल्याची खात्री करतात. एवढी निकड असूनही एकही श्वास आला नाही, तर तो पुढेही येणार नाही. काकाजींना दिसत होता तो श्वास यंत्राचा होता, हे येथे डोळ्यांनी दिसते.

तरीही या तपासण्यांहून महत्त्वाची एक गोष्ट तपासणीपूर्वी पार पाडावी लागते, आणि ती समजण्यासाठी मराठवाड्याच्या शेतशिवारात जावे लागते. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मण्यार डसते. दंश बारीक, वेदना फारशी नाही. पुष्कळदा झोपही मोडत नाही. पहाटे पोट दुखू लागते, मग पापण्या जड होऊन खाली येतात, गिळता येईनासे होते, बोलणे नाकातून येते आणि अखेर श्वास थांबतो. क्रम पाहिला तर ही याच जोड्यांची यादी आहे. व्हेंटिलेटरवर असलेल्या अशा रुग्णाच्या बाहुल्या मोठ्या आणि निश्चल असू शकतात, बुबुळाला स्पर्श केला तरी पापणी मिटत नाही, ठसका नाही, श्वास नाही. पाहणाऱ्याला तो मृतच वाटेल. पण त्याचा देठ पूर्ण जिवंत असतो. विषाने फक्त मज्जातंतू व स्नायू यांच्यामधला निरोप तोडलेला असतो. तो पडून सगळे ऐकत असू शकतो. यंत्राच्या आधाराने काही दिवस काढले की असे रुग्ण उठून घरी जातात.

सर्पदंश आणि विंचूदंश यांवर आयुष्य वेचलेले, महाडचे म्हणून प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे याच जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातील देहेड गावचे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातील दंशाकडे पाहण्याची जी शिस्त त्यांच्या कामातून वैद्यकाला मिळाली, तिची आठवण शहरातील अतिदक्षता विभागातही ठेवण्यासारखी आहे. म्हणून नियम असा, की मेंदूला इजा कशाने झाली याचे कारण निश्चित ठाऊक असले पाहिजे आणि ती इजा दुरुस्त न होणारी आहे हे स्कॅनवर दिसले पाहिजे. सर्पविष, झोपेची किंवा स्नायू शिथिल करणारी औषधे, शरीराचे उतरलेले तापमान, रक्तातील क्षार-साखरेचा मोठा बिघाड, यांपैकी काहीही असेल तर तपासणीला हातच लावायचा नाही. नातेवाइकांनी एकच प्रश्न विचारायचा ठरवले तर तो हा विचारावा: मेंदूला काय झाले आहे, आणि दुसरे कोणतेही कारण नाही याची खात्री कशी केली?

दुसरा गोंधळ बेशुद्धीचा. वर्तमानपत्रांत कोमा आणि ब्रेन डेड हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यातून घराघरांत खोटी आशा आणि खोटी भीती अशा दोन्ही पसरतात. महाराष्ट्राने हा फरक एका व्यक्तीच्या रूपाने ४२ वर्षे पाहिला आहे. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला, गळा आवळला गेला आणि मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यांची जाणीव परतली नाही. पण देठ कार्यरत राहिला. श्वास त्यांचा स्वतःचा होता, घास भरवला तर गिळत होत्या, डोळे उघडत होत्या. त्यांच्याविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निर्णय दिला. तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी करवून घेऊन न्यायालयाने त्यांना मेंदूमृत म्हणता येणार नाही असे स्पष्ट केले आणि याचिका फेटाळली. केईएमच्या परिचारिकांनी पिढ्या बदलत त्यांची शुश्रूषा केली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. ज्याचा देठ चालू आहे तो जिवंत आहे, मग त्याला कधीच जाग न येवो. त्याच्याबाबतीत अवयवदानाचा प्रश्नच उद्भवत नाही.

याच केईएममध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले होते. रुग्ण काही तासच जगला. त्या वेळी मृत्यूची ही नवी व्याख्या कायद्यात नव्हती. ती आली १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने, आणि ४ फेब्रुवारी १९९५ रोजी तो प्रथम ज्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता. बरोबर होती गोवा आणि हिमाचल प्रदेश.

कायद्याने तपासणी एका डॉक्टरवर सोडलेली नाही. रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, मान्य यादीतील एक स्वतंत्र तज्ज्ञ, मज्जाविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यतज्ज्ञ, आणि उपचार करणारे डॉक्टर, अशा चौघांनी मृत्यू प्रमाणित करावा लागतो. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कोणी त्यात असता कामा नये. तपासण्यांची संपूर्ण मालिका दोनदा करायची, आणि दोहोंमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवायचे. २०११च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट झाली. मेंदूस्तंभ मृत झाल्याचे प्रमाणित झाल्यावर नातेवाइकांना अवयवदानाविषयी विचारणे हे अतिदक्षता विभागातील डॉक्टरांचे कर्तव्य ठरले. "आमच्यावर डोंगर कोसळला आणि यांना अवयव सुचतात" असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे ठाऊक नसते. विचारणे ही सक्ती आहे. होकार देणे ही नाही. नकार दिला तर कारण सांगावे लागत नाही.

होकार कोणी द्यायचा हा भाग एकत्र कुटुंबांनी नीट वाचावा. कायद्याच्या दृष्टीने निकटचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, मुलगा-मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडे. काका आणि मामा त्यांत नाहीत. मोंढ्यातील पेढीचे सगळे व्यवहार काकाजींच्या सहीने चालत असले, तरी या कागदावर तरुणाच्या पत्नीची किंवा आई-वडिलांची सही लागते. प्रत्यक्षात मात्र पुरुषमंडळी बाहेर बसून ठरवतात आणि सूनबाईंपुढे कागद ठेवला जातो. तिला आत काय घडले हे कोणी समजावून सांगितलेले नसते. तिनेही बाहुलीवरचा प्रकाश पाहावा, श्वासाची परीक्षा पाहावी, असे वाटत असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. पुष्कळ डॉक्टर जवळच्या माणसाला तेथे उभे राहू देतात. ते दृश्य सोपे नाही, पण पुढे वर्षानुवर्षे "खरेच गेला होता का?" हा प्रश्न छळत राहण्यापेक्षा ते बरे.

तिला एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. देठ मृत झाल्यावरही पाय किंचित हलू शकतो, हाताची बोटे आकसू शकतात, क्वचित हात उचललाही जातो. या हालचाली मज्जारज्जूच्या आहेत. तो देठाच्या खाली असतो आणि काही काळ आपली स्वतंत्र कामे करतो. हे ठाऊक नसले की सहीच्या क्षणी हललेले एक बोट सगळे घर हादरवून टाकते.

खर्चाचे बोलणे अशा वेळी शोभत नाही, तरी व्यापारी घरांत ते मनात येतेच आणि न बोलल्याने गैरसमज वाढतो. २०१४च्या नियमांप्रमाणे दानासाठी शरीर सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा आणि नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. त्यापूर्वीच्या उपचारांचे देयक अर्थातच वेगळे. अवयव कोणास द्यायचे हे कुटुंब किंवा रुग्णालय ठरवत नाही. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र प्रतीक्षायादीनुसार ते ठरवते. असे केंद्र मुंबई, पुणे आणि नागपूर येथेही आहे.

राहिला तो काकाजींच्या मनातला खोल प्रश्न. जैन तत्त्वज्ञानात दहा प्राण सांगितले आहेत: पाच इंद्रियांची बले, मन, वचन व काया यांची बले, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. यंत्राने छातीत भरलेली हवा हा श्वासोच्छ्वास प्राण मानावा काय, याचा निर्णय देणे वैद्यकाच्या हाती नाही आणि कायद्याच्याही नाही. वैद्यक एवढेच दाखवू शकते, की तो श्वास रुग्णाकडून येत नाही. बाकीचे ज्या साधू-साध्वींवर श्रद्धा आहे त्यांना विचारावे. पण ते चातुर्मासातील एखाद्या निवांत दुपारी, घरातले सगळे धडधाकट असताना. रुग्णालयाच्या जिन्यात हा प्रश्न सुटत नाही.

पहिली तपासणी झाली की सहा तास उरतात. आत मृत्यूची खात्री पुन्हा एकदा केली जायची असते आणि बाहेर कोणाला जालन्याहून आई-वडिलांना आणायचे असते, कोणाला दुकानाच्या किल्ल्या कोणाकडे आहेत ते पाहायचे असते, कोणाला लहान मुलांना काय सांगावे ते कळत नसते. सूनबाई बाकावर बसलेली असते. दुसऱ्यांदा बोलावणे येते तेव्हा काकाजी उठतात आणि तिला पुढे जाऊ देतात.